दोन पावलं मागे

“यातले तुम्ही कुठले?” पोस्टर छापणाऱ्याने विचारलं.

त्याच्या टेबलावर आमचे अकरा वर्षांचे फोटो पसरले होते. बुटांच्या खोक्यात भरून मीच ते आणले होते. एका फोटोत चँपियन हसतोय आणि यांची फक्त पाठ दिसतेय. दुसऱ्यात चँपियनचा ठोसा यांच्या हनुवटीवर बसलाय आणि यांचं तोंड हेडगार्डमध्ये गडप आहे. तिसऱ्यात तर नुसता एक कोपर होता.

“हा मी,” हे कोपरावर बोट ठेवून म्हणाले.

खरंच होतं. त्या कोपरावरची चिकटपट्टी मीच लावली होती, मला ती आठवत होती.

“साहेब, कोपर बघून तिकीट कोण काढेल?” पोस्टरवाला म्हणाला. त्याने यांना पांढऱ्या भिंतीपाशी उभं केलं आणि कॅमेरा काढला. “मुठी वर. हां, आता तुम्ही रिंगमध्ये नेहमी उभे राहता तसे राहा.”

यांनी डावा पाय पुढे घेतला. मग तो मागे घेऊन उजवा पुढे केला. मग थोडी पोक काढली, पुन्हा ताठ झाले आणि शेवटी माझ्याकडे बघायला लागले.

“राहा हो कसेही,” मी म्हटलं. “बसची वाट बघताना राहता तसे राहा.”

पोस्टरवर तसेच आले आहेत ते. मुठी वळलेल्या आणि तोंड बस चुकल्यासारखं.

माझा नवरा मुष्टियोद्धा आहे असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, किती सामने जिंकले? शून्य. लग्नाआधी तीन खेळले, दोन हरले, एक बरोबरीत सुटला. मग चोविसाव्या वर्षी चँपियनच्या मास्तरांनी यांना सरावाचा जोडीदार म्हणून ठेवून घेतलं, आणि तिथून पुढे यांच्या नावावर एक ओळ लिहिली गेली नाही. काम असं, की चँपियनला ज्याच्याशी लढायचं असेल त्याची हुबेहूब नक्कल करायची आणि दोन-तीन महिने रोज त्याच्यासमोर उभं राहून मार खायचा. दार बंद करून. बाहेरच्या कुणाला आत सोडत नसत, बायकोलासुद्धा नाही. त्यामुळे नवरा काय करतो ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मी पाहिल्या त्या त्यांच्या हाताला बांधायच्या पट्ट्या. दवाखान्याच्या धुलाईखात्यात दिवसभर चादरी धुवायच्या आणि घरी आल्यावर या पट्ट्या धुऊन, वाळवून, अंगठ्यात अडकवायची फासकी आत घालून गुंडाळायच्या. मुष्टियुद्धातला माझा वाटा एवढाच.

नक्कल मात्र घरापर्यंत यायची. एका वर्षी प्रतिस्पर्धी डावखुरा होता, तर हे तीन महिने डाव्या हाताने जेवत होते आणि निम्मं जेवण शर्टावर. एकदा एक पोक काढून खेळणारा आला, तेव्हा भाजीबाजारात मी एका म्हाताऱ्यासोबत फिरतेय असं वाटायचं. सकाळी चहा देताना मी विचारायची, “सध्या कोण आहात?” लग्न मी एकाशी केलं, संसार अठरा जणांशी झाला.

आणखी एक सवय होती. आमचं स्वयंपाकघर एवढंसं. एकाने वळायचं तर दुसऱ्याने श्वास आत घ्यायचा. वळताना यांचा कोपर, खांदा मला लागला रे लागला की हे झटकन दोन पावलं मागे सरायचे, हात खाली सोडायचे आणि विचारायचे, “ठीक आहे ना?” मी म्हणायची, “ठीक आहे हो.” माझ्या बहिणीचा नवरा अंगावर ट्रक घालेल आणि वळून बघणार नाही. मला माझ्या नवऱ्याच्या या वागण्याचा केवढा अभिमान होता.

मागच्या वर्षी चँपियन निवृत्त झाला. त्याच्या पाठोपाठ वजनदार गटातला तो दाढीवाला गेला आणि मधल्या वजनाची राणीही गेली. वर्षभरात तीन मोठी नावं उतरली आणि सगळा डोलाराच बसला. मोठ्या सभागृहाने रविवारची संध्याकाळ नाचाच्या स्पर्धेला दिली आणि मुष्टियुद्धाला दुपार. तालमीच्या अर्ध्या हॉलमध्ये व्यायामाच्या सायकली आल्या. मी डबा द्यायला जायची तेव्हा उरलेली मंडळी बाकावर बसून खेळाच्या भविष्याची चिंता करत असायची.

“मोठं झाड पडलं की खालच्या रोपांना ऊन लागतं,” मास्तर म्हणायचे.

“मास्तर, आपण रोपं आहोत होय?” पाणी देणारा म्हणायचा. “आपण ओंडके. आपल्याला ऊन लागलं तर आपण नुसते वाळणार.”

सगळे हसायचे. हे सगळ्यात मोठ्याने हसायचे, कारण हे सगळ्यात जास्त घाबरले होते.

आणि अशात आयोजकाचा फोन आला. सहा सामने ठरले होते, एकाची जागा रिकामी होती. चार राउंडची छोटी लढत, समोर बावीस वर्षांचा एक फरशी बसवणारा. चलाख, तगडा, आणि म्हणे उद्याचा मोठा खेळाडू. पोस्टरवर यांच्या फोटोखाली छापायचं होतं, ‘चँपियनला अकरा वर्षं भिडलेला माणूस’. इथेही चँपियन होताच. शिवाय तो स्वतः पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसणार होता.

“नको म्हणा,” मी म्हटलं. “या वयात?”

“म्हणूनच,” हे म्हणाले. “चार महिन्यांनी छत्तीस पूर्ण होतील. मग परवाना संपतो.” मी पट्ट्या गुंडाळत होते, हे समोर बसून त्यांचं दुसरं टोक ताणून धरत होते. “एकदाच गं. एकदा पंचाने माझा हात वर करावा. आणि तू तिथं असावंस.”

अकरा वर्षांत या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी पट्टी गुंडाळत राहिले आणि म्हटलं, “मग नव्या पट्ट्या आणू. या विरल्यात.”

सरावाच्या पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, “हे बघ, आता कुणाची नक्कल करायची नाही. तुझ्या पद्धतीने खेळ.”

“माझी कुठली?” यांनी विचारलं.

मास्तरांनी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हे मला मास्तरांनी नंतर सांगितलं.  त्या आठवड्यात हे घरी आरशासमोर उभे राहायचे, हात वर करायचे, खाली सोडायचे. मी सवयीने विचारलं, “सध्या कोण आहात?” आणि विचारल्यावर माझी मलाच लाज वाटली.

सामन्याच्या दुपारी सभागृह अर्धंही भरलं नव्हतं. नाचाच्या स्पर्धेतल्या मुलींच्या आया लवकर येऊन मागच्या खुर्च्यांवर वेण्या घालत बसल्या होत्या. हे रिंगमध्ये चढले. खऱ्या सामन्यात हेडगार्ड नसतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं उघडं तोंड मी त्या दिव्यांखाली पाहिलं. छान दिसत होते. जरा घाबरलेले, पण छान.

पहिला राउंड मला कळलाच नाही, मी डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्यात उघडले, आणि मग मिटवेनात. फरशीवाला मारत होता, पण यांना लागत नव्हतं. तो हात उचलायच्या आधी हे तिथून गेलेले असत. अठरा जणांचं जे काही शिकले होते ते सगळं अंगात होतं, कधी डावखुरा दिसायचा, कधी तो पोकवाला. माझ्या शेजारी चँपियन बसला होता. तो पुटपुटला, “हा मला कधी असा सापडला नाही.”

तिसऱ्या राउंडमध्ये यांचा उजवा ठोसा बसला. आवाज मागच्या खुर्च्यांपर्यंत गेला. फरशीवाल्याचे गुडघे वाकले, हात लोंबले, नजर कुठेतरी भलतीकडे गेली. मुष्टियुद्धातलं ओ की ठो न कळणाऱ्या मलाही कळलं, आता एक फुंकर घातली तरी हा पडेल. मास्तर ओरडले, “जा! जा आत!”

आणि हे झटकन दोन पावलं मागे सरले. हात खाली सोडले. त्यांचे ओठ हलले. त्या गोंगाटात ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ते दोन-तीन शब्द मी रोज ऐकते. “ठीक आहे ना?”

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळे हसले. मी हसले नाही. स्वयंपाकघरात मी ज्याला अकरा वर्षं चांगुलपणा समजत होते, तो काय होता ते मला तेव्हा कळलं. चँपियनच्या भुवईला चीर गेली तर सामना रद्द, आणि सामना रद्द झाला तर साठ माणसांच्या पोटावर पाय. म्हणून ठोसा चांगला बसला की मागे व्हायचं, हात सोडायचे, विचारायचं. जिंकायला लागलं की थांबायचं, हे यांच्या हाडात भरलं होतं.

चँपियन ताडकन उठला. “थांबू नकोस!” तो ओरडला. “मार त्याला!”

तो ओरडला नसता तर बरं झालं असतं. कारण तो आवाज ऐकला आणि यांनी मान वळवली. बोलावलं की बघायचं, हीसुद्धा अकरा वर्षांची सवय. तेवढ्यात फरशीवाल्याचा डावा आला.

हे पडले. पंच मोजायला लागला. मी उभी राहून ओरडत होते असं नंतर मला वेण्या घालणाऱ्या बायांनी सांगितलं. सातला हे उठले. चौथा राउंड पूर्ण उभ्याने खेळले, एकदाही टेकले नाहीत. शेवटी पंचाने मध्ये उभं राहून दोघांची मनगटं धरली आणि फरशीवाल्याचा हात वर केला. यांचा हात पंचाच्या हातात तसाच खाली राहिला.

कपडे बदलायच्या खोलीत चँपियन आला. मोठा माणूस, पण दारातच अडखळला. “माझी चूक झाली रे,” तो म्हणाला. “मी ओरडायला नको होतं.”

“नाही नाही,” हे बाकावरून उठून म्हणाले. “तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?” आणि बसायला त्याला स्वतःची जागा दिली.

दोन दिवसांनी मास्तर घरी आले. चहा घेतला, रिकामा कप दोनदा तोंडाला लावून पाहिला आणि मग बोलले. फरशीवाल्यासाठी आयोजकाने मोठी लढत ठरवली होती. समोरचा थेट आपल्या चँपियनसारखा खेळणारा होता. “चँपियनची नक्कल तुझ्याइतकी कुणाला जमणार? तीन महिन्यांचं काम आहे. पुढेही चालेल.”

“जो यांना पाडून गेला त्याचाच मार खायला?” मी विचारलं. “मास्तर, तुम्हाला काही वाटतं का?”

“वाटतं, वहिनी,” मास्तर म्हणाले आणि कपात बघत राहिले.

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, “मला दुसरं येतं काय गं?”

मी मास्तरांच्या हातातला कप काढून घेतला. ते खरं होतं, त्याचाच जास्त राग आला.

सोमवारी सकाळी पट्ट्या वाळल्या होत्या. मी फासकी आत घालून त्या गुंडाळल्या आणि त्यांच्या पिशवीत ठेवल्या. हेडगार्ड पिशवीच्या तळाशी होतंच. हे चहा घ्यायला आत आले आणि मला दिसलं, चालताना डावा खांदा किंचित वर, हनुवटी आत. चँपियन. आमच्या घरात आजवर तेवढा एकच यायचा राहिला होता. कपाकडे हात नेताना त्यांचा कोपर माझ्या दंडाला लागला. नेहमीसारखाच, अगदी हलका.

हे दोन पावलं मागे सरले. हात खाली सोडले.

“ठीक आहे ना?”

“नाही,” मी म्हटलं. “लागलंय.”

या प्रश्नाला आजवर त्यांना कुणी नाही म्हटलं नव्हतं. पुढे काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात खाली सोडून, ते तसेच माझ्याकडे बघत उभे राहिले.