कपाटातला मायक्रोस्कोप

"गंमत असा ऑप्शनच नाही, मॅडम."

कॉलेजच्या ऑफिसातला क्लार्क स्क्रीनवरची नजर न हलवता मला सांगत होता. 'प्रवेशाचा उद्देश' म्हणून त्याच्यापुढे चारच पर्याय होते: नोकरी, पदोन्नती, स्पर्धा परीक्षा, उच्च शिक्षण. मी म्हटलं, "अहो, बासष्टाव्या वर्षी मला कोण पदोन्नती देतंय? वरून बोलावणं येईल तेवढी एकच राहिलीय आता." त्याला हसू आलं नाही. सरकारी कचेरीत तीसेक वर्षं टायपिंग केलेली बाई आहे मी. न हसणारे क्लार्क मला नवे नाहीत. शेवटी त्यानेच कंटाळून 'उच्च शिक्षण' निवडलं आणि मी, मालतीबाई, बी.ए. भाग एकची विद्यार्थिनी झाले.

घरी त्याआधी महिनाभर महाभारत झालं होतं. बी.ए. कर, इथवर कुणाची हरकत नव्हती. पण नव्या नियमाने एक विषय दुसऱ्या शाखेतला निवडायचा असतो, आणि निवडायचं म्हटलं की आमच्याकडे प्रत्येकाच्या अंगात येतं. आमचे हे, कमलाकर, बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "जीएसटीचा विषय घे. घरात कुणाला तरी कळायला हवा." आमच्या घरात साधं पानाचं दुकानसुद्धा नाही! मुलगा देवदत्त पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, डेटा ॲनालिटिक्स घे. फ्यूचर आहे." कुणाचं फ्यूचर, ते काही त्याने सांगितलं नाही. सुनेने आहारशास्त्र सुचवलं. का सुचवलं, ते मला न सांगता कळलं.

"मला वनस्पतिशास्त्र हवंय," मी म्हटलं.

"त्याचा उपयोग काय?" हे म्हणाले.

"काही नाही."

"मग?"

"मग काय मग? गंमत!"

यांनी चष्मा काढून पुसला आणि हिला आता डॉक्टरकडे न्यावं लागणार असा चेहरा केला. साठीनंतर बाईने गुडघे दुखतात म्हणावं, देवळात जावं, व्हॉट्सॲपवर सुप्रभात पाठवावं. गंमतच करायची तर नातेवाइकांबरोबर काश्मीरला जाऊन तिथे पुरणपोळी खावी. कॉलेजात जाऊन गंमत म्हटलं की लोकांच्या पोटात दुखतं.

खरं सांगते, मला मायक्रोस्कोपमधून बघायचं होतं. बस, एवढंच. बार्शीला आमच्या शाळेत एक मायक्रोस्कोप होता, काचेच्या कपाटात, कुलपात. इन्स्पेक्टरसाहेब येणार असले की तो टेबलावर यायचा, साहेब गेले की परत कपाटात. आम्ही पोरी काचेला नाक लावून त्याच्याकडे बघायचो, त्याच्यातून कधीच नाही. आकृती मात्र सगळ्यांना पाठ. भागांना नावं द्या, दहा गुण. मी दहापैकी दहा घ्यायचे. जिला कधी बोट लावलं नाही त्या वस्तूचे सगळे भाग मला तोंडपाठ होते! बारावी झाले आणि वडिलांनी टायपिंगच्या क्लासला घातलं, कारण त्याचा उपयोग होता. तो राग माझा अजून गेलेला नाही, आणि घालवायची मला घाईही नाही.

पहिल्या दिवशी कॉलेजच्या गेटवर पोचले तर वर माझाच फ्लेक्स! 'वय हा फक्त आकडा!' खाली माझा आधारकार्डावरचा फोटो, म्हणजे पोलिसांना हवी असलेली बाई. शेजारी प्राचार्य हत्तुरे हात जोडून, माझ्या दुप्पट मोठे. आत गेले तोवर चार जणांनी माझ्याबरोबर सेल्फी काढले आणि एकानेही वर्ग कुठे ते सांगितलं नाही.

वेळापत्रकात लिहिलं होतं: शुक्रवार, अकरा वाजता, वनस्पतिशास्त्र प्रात्यक्षिक. मी पावणेअकरालाच प्रयोगशाळेत. टेबलावर मायक्रोस्कोप नव्हता, नारळ होता. माझा सत्कार होता! प्राचार्यांनी माझ्या खांद्यावर चादर घातली. सोलापुरात सत्कार म्हणजे चादर आलीच, उन्हाळा असो की आणखी उन्हाळा असो. मग त्यांनी ज्ञानाच्या तहानेवर भाषण केलं, आणि ते संपलं तेव्हा तास संपला होता.

पुढच्या शुक्रवारी ज्येष्ठ नागरिक संघाने सत्कार केला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी महिला कक्षाने. मग एका नगरसेवकाने, ज्याला माझं नाव शेवटपर्यंत 'मालनताई'च वाटत राहिलं. शुक्रवार अकराचीच वेळ सगळ्यांना सापडायची, कारण त्या वेळी प्रयोगशाळा रिकामी असते हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं. घरी चादरींचा ढीग कपाटाच्या वर गेला. आमचे हे खोबऱ्याच्या वड्या खाऊन खाऊन इतके बेजार झाले, की 'उपयोग काय' विचारायचं सोडून "पुढचा सत्कार कधी?" असं घाबरून विचारायला लागले.

विषय शिकवायला होते बिराजदार सर, विभागप्रमुख. माणूस गरीब गाय. मी त्यांना विचारलं, "सर, मायक्रोस्कोप आहेत ना आपल्याकडे?"

"आहेत तर! वीस आहेत," सर अभिमानाने म्हणाले आणि भिंतीतल्या लाकडी कपाटाकडे हात केला. कपाटाला हे एवढं कुलूप.

"मग बघायला कधी मिळणार?"

"मॅडम, नाजूक यंत्रं आहेत. मुलं फोडतात. समिती तपासणीला येते तेव्हा वीसच्या वीस दाखवावी लागतात. तुम्ही जर्नलमध्ये आकृती काढा ना सुबक. भागांना नावं द्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बार्शीतून सोलापुरात आले, मधे अख्खी हयात गेली, आणि घोडं पुन्हा भागांना नावं देण्यापाशीच अडलेलं! मी म्हटलं, "सर, फुटली तर निदान वापरली होती असं तरी होईल." सर म्हणाले, "तुम्ही फार विनोदी आहात हं."

वर्गात माझ्याखेरीज बारा पोरं-पोरी. ती माझ्यावर वेगळ्याच कारणाने चिडलेली. होटगीहून येणारी ऋतुजा त्यांची पुढारी. तिने मला एकदा जिन्यात गाठलं.

"मावशी, राग मानू नका, पन तुमी दर शुक्रवारी येताय म्हनून सरांना बी यावं लागतंय. सर आले की आमाला बी यावं लागतंय. वरच्या वर्गातल्यांचं कसं, जुनं जर्नल उतरवायचं, मार्क मिळायचे. कुनाला काय तरास न्हवता."

"आणि शिकायचं कधी गं?"

"हितं?" तिला खरोखरच आश्चर्य वाटलं. मग जरा थांबून म्हणाली, "मावशी, खरं सांगा, हे सगळं कशापायी करताय तुमी?"

"त्या कपाटातल्या यंत्रातून एकदा बघायचंय मला."

तिने कपाळावर हात मारला. "एवढंच व्हय? मग नागप्पांना इचारा की. किल्ली त्यांच्याकडं हाय."

नागप्पा प्रयोगशाळेचे शिपाई. किल्ली करगोट्याला बांधलेली. मी विचारल्यावर म्हणाले, "काढतो की बाई. खंडेनवमीला समदे काढतो, वर्सातनं एकदा. पुसतो, पूजा करतो, परत ठेवतो. लई जपलंय मी त्यास्नी."

मग मी खंडेनवमीची वाट बघत बसले. घरात एरवी त्या दिवशी आम्ही मिक्सर, शिवणयंत्र आणि यांची स्कूटर पुजतो. यंदा मी यांना सांगितलं, "तुमची स्कूटर तुम्ही पुजा, मला प्रयोगशाळेत जायचंय."

त्या दिवशी कपाट उघडलं. लांब टेबलावर वीस मायक्रोस्कोप ओळीने मांडलेले, प्रत्येकावर प्लास्टिकची टोपी. झेंडूच्या माळा, उदबत्ती, पेढे, आपट्याची पानं, पूजा सांगायला गुरुजी, सगळं होतं. अख्खा स्टाफ हजर, पोरंही हजर, कारण पेढे. आणि प्राचार्य माइक हातात घेऊन म्हणाले, "यंदा पूजेचा मान आपल्या ज्येष्ठ विद्यार्थिनीला!" टाळ्या झाल्या. माझ्या खांद्यावर आणखी एक चादर पडली. नागप्पांनी हळदीकुंकवाची कोयरी पुढे केली.

मी पहिल्या मायक्रोस्कोपची टोपी काढली. केवढा जड होता तो! मी म्हटलं, "पूजा करते. पण आधी बघते."

"आधी कुंकू, मॅडम," बिराजदार सर कुजबुजले.

"आधी बघते," मी म्हटलं आणि झेंडूचं एक फूल घेऊन काचपट्टीवर झटकलं. पिवळी भुकटी पडली. आरसा खिडकीकडे वळवला. भागांची नावं पाठ होती ना, हात आपोआप जागच्या जागी गेले. वाकले, डोळा लावला.

लालभडक अंधार. काही म्हणजे काही दिसेना.

एवढ्या वर्षांनी डोळा लावला आणि आत काहीच नाही? मग डोळा उचलून नीट पाहिलं. वरच्या भिंगावर कुंकवाचं हे जाड पूट! वर्षावर वर्षं चढलेलं, वाळून दगड झालेलं.

"नागप्पा, हे काय?"

"कपाळ हाय न्हवं त्येचं," नागप्पा भाबडेपणाने म्हणाले. "कुंकू कपाळालाच लावत्यात की."

पोरं फिसकन हसली. मी सरांना विचारलं, "समितीने यातून पाहिलं नव्हतं?"

"पाहिलं ना," बिराजदार सर एकदम पांढरे पडून म्हणाले. "अध्यक्षांनी स्वतः पाहिलं. 'उत्तम' असा शेरा दिला."

पूजेच्या तांब्यातलं पाणी घेतलं, खांद्यावरच्या नव्या कोऱ्या चादरीचं टोक भिजवलं आणि ते कपाळ पुसत बसले. प्राचार्य घड्याळ बघत होते, गुरुजी घंटी वाजवायची की नाही या पेचात. पुसलं, पुन्हा पुसलं. पुन्हा डोळा लावला, हळूहळू स्क्रू फिरवला.

"अगं बाई!"

मी ओरडलेच. आत सोन्याचे गोळे होते! झेंडूची ती भुकटी, जी आपण जन्मभर पदरावरून झटकतो, तिचा एकेक कण वाटोळा, आणि त्याला चहूकडून काटे. एक ना दोन, नजर जाईल तिकडे. कुणी घडवले हे, कुणासाठी? कुणी बघत नव्हतं तरी होते. मला रडू आलं. भर सभेत, वीस मायक्रोस्कोप, एक गुरुजी आणि एका प्राचार्यांसमोर मी नाक ओढत उभी होते आणि मला कशाचीही लाज वाटली नाही.

"मावशी, मला बघू की," ऋतुजा मागून घुसली. तिने पाहिलं आणि किंचाळली, "आयला, काटं हायत!" मग काय, बारा जणांची झुंबड. गुरुजीसुद्धा घंटी ठेवून रांगेत आले.

"मॅडम, हार," प्राचार्य खाकरून म्हणाले. "हार घालून घ्या. उशीर होतोय."

त्यांनी झेंडूची लांब माळ माझ्या हातात दिली. मी मायक्रोस्कोपकडे पाहिलं. त्याच्याभोवती पोरं वाकलेली, त्याला हार घालायला जागाच नव्हती. मग मी भिंतीकडे गेले. तिथे चौकटीत, काचेआड, वेळापत्रक टांगलं होतं: शुक्रवार, अकरा वाजता, वनस्पतिशास्त्र प्रात्यक्षिक. मी स्टुलावर चढून तो हार त्या चौकटीला घातला, नीट, दोन्ही बाजूंनी सारखा, जसा गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात. उदबत्तीही तिथेच खोचली. हात जोडले.

हसणं थांबलं. बिराजदार सर त्या चौकटीकडे बघत राहिले, घरचंच कुणी गेल्यासारखे. प्राचार्यांनी मात्र प्रसंग सावरला. "वा! वेळेचं पूजन! नवा विचार!" त्यांनी माइकमध्ये जाहीर केलं. "याबद्दल मॅडमचा येत्या शुक्रवारी, अकरा वाजता, सत्कार करण्यात येईल."

शुक्रवारी मी गेले ती भांडायच्या तयारीनेच. प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप होतं, पण बाहेर पायऱ्यांवर बाराच्या बारा पोरं बसलेली. ऋतुजाच्या हातात कांदा. "सालीत काय दिसतंय बघायचं हाय." एकाने मिशीचा केस आणला होता, एकीने चटणीची भुकटी पुडीत बांधून.

बिराजदार सर जिना चढून आले. एका हातात किल्ल्या, दाराची आणि कपाटाची, नागप्पांकडून घेतलेल्या. दुसऱ्या हातात चादर. "मॅडम, प्राचार्यांनी आधी हे उरकायला सांगितलंय," ते ओशाळून म्हणाले. "दोनच मिनिटं."

"द्या," मी म्हटलं. चादर घेतली, आत जाऊन टेबलावर अंथरली आणि तिच्यावर मायक्रोस्कोप ठेवला. एवढ्या चादरींतली ही दुसरी उपयोगाला आली.

सरांनी पोरांकडे पाहिलं, कांद्याकडे पाहिलं. मग स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि वेळापत्रकाच्या चौकटीवरचा सुकलेला हार काढला. फोटोला एकदा घातलेला असा हार कुणी उतरवताना मी जन्मात पाहिला नव्हता. सरांनी तो केराच्या टोपलीत टाकला, हात झटकले आणि म्हणाले, "हं. कांदा सोला."