बाटलीतला साबण

“सर, तुमच्या या मशीनला कधी कोणी येडं बनवलंय का?”

जुईने पैज लावली होती, विचारलंस तर फ्रँकी. मी विचारलं! परळच्या त्या लॅबमध्ये आमचा नववीचा अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. लॅब दाखवणारे हितेंद्र सरही हसले.

ते नुकतंच समजावत होते. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. त्याच्यासोबत औषधाचा रेणू सोडायचा आणि मशीनने वजन करायचं. दोघांची बेरीज आली, तर रेणू चिकटला. किती तुकड्यांना चिकटला, त्यावरून पकड किती घट्ट ते कळतं. कसलं भारी!

“बनवलंय ना,” सर म्हणाले. “आमच्याकडे गुणाजी होता, बाटल्या धुवायला. पाहुणे येणार म्हणून पठ्ठ्याने सगळ्या बाटल्या भांड्यांच्या साबणाने चकाचक केल्या! काचेला लागलेला साबण सहज जातो थोडाच? मशीनला औषध दिसेचना, नुसता साबणच साबण. कित्येक महिन्यांचं काम पाण्यात. मग गुणाजीही गेला.”

वर्ग पुन्हा खिदळला. आमच्याच चाळीतली अक्षता तेवढी हसली नाही. गुणाजी म्हणजे माझे पप्पा. घरी त्यांनी सांगितलं होतं, कॉन्ट्रॅक्ट संपलं.

“साबण लावायचा नाही, हे त्यांना कोणी सांगितलं होतं का, सर?”

“एवढंही सांगावं लागतं?” सर म्हणाले. मग एकदम खूश होऊन, “प्रश्न छान विचारतेस गं. मे महिन्यात आमच्या शिबिराला ये. शाळेतून एकालाच घेतो आम्ही.”

एकालाच! आणि ती मी! उडी मारावीशी वाटली. मारली नाही.

संध्याकाळी भोईवाड्यातल्या आमच्या खोलीत पप्पा वॉचमनच्या ड्यूटीवरून येऊन डबा विसळत होते. आईचं नेहमीचं सुरू होतं, “अहो, किती पाणी ओताल? फेस कधीच गेला!” पप्पांनी डबा नाकाशी नेला, हुंगला, परत नळाखाली धरला.

मी सगळं सांगितलं. शिबिराचंही.

“बाटल्यांना कसला तरी वास येत होता, बाय,” पप्पा डब्याकडे बघत म्हणाले. “वाटलं, पाहुण्यांसमोर बरं दिसेल.”

आईने हात लांब करून नळ बंद केला.

“तू जा शिबिराला,” पप्पा म्हणाले. “खूप शिक. फक्त तिथे माझं नाव सांगू नको.”

“माझ्या नावाच्या मधोमध तुमचं नाव आहे, पप्पा,” मी म्हणाले. “ते गिळून मी कुठेच जात नाही. शिबिर कॅन्सल.”