पातळ पॅकिंग

तामोत्सु ओचीच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं, पण पायात पूर्वीचा जोर काही परत आला नाही. चालण्याफिरण्याला अडचण नव्हती. अडचण होती ती गाडीची. लांब नाकाची, दोन दारांची, पन्नास वर्षांपूर्वीची ती स्पोर्ट्स कार. तिचा ब्रेक दाबायचा म्हणजे भिंतीला लाथ घातल्यासारखं. तिला जवान माणसाचा पाय लागायचा, आणि तामोत्सु होता अडुसष्ट वर्षांचा.

गॅरेजवाला कात्सुमी ह्योदो त्याचा शाळेपासूनचा मित्र. पण कात्सुमीकडे आधी तामोत्सु आला नाही, त्याची बायको सुमिए आली.

"भाऊजी, तुम्हीच काहीतरी करा," ती म्हणाली. "गाडी विकून टाका म्हटलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत."

"मी समजावून बघू का, वहिनी?"

"तुम्ही काय समजावणार? दोघं एकाच माळेचे मणी. विकणार नाहीतच, तर निदान त्यांच्या पायाला झेपेल असा ब्रेक तरी करून द्या."

काम तसं कात्सुमीच्या हातचं होतं. पॅडल आणि ब्रेकच्या नळ्यांत तेल दाबणारा मास्टर सिलेंडर यांच्यामध्ये एक पत्र्याचा डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. इंजिन त्यातली हवा ओढून घेतं आणि पायाच्या जोराला आपला जोर जोडतं. या गाडीचा डबा जुना आणि छोटा, आतलं रबरही कडक झालेलं. कात्सुमीने नव्या जमान्याचा मोठा बूस्टर मागवला, इंजिनमागच्या पत्र्याला नवी भोकं पाडली, पुढे नवा सिलेंडर बसवला.

या कामात नाजूक गोष्ट एकच. बूस्टरमधून एक दांडी निघून सिलेंडरला ढकलते. पाय सुटल्यावर त्या दोघांत केसभर फट राहायला हवी. दांडी लांब राहिली तर ब्रेक कधीच पुरता सुटत नाही. कात्सुमीने दांडीच्या टोकावर मुलांच्या खेळातली माती लावली, सिलेंडर आवळला, परत काढला, आणि चेपलेल्या मातीची जाडी मोजली. बरोबर होती.

तामोत्सु स्टुलावर बसून चहा पीत होता. इंजिन चालू केलं तेव्हा सिलेंडरच्या जोडातून बारीक फुसफुस ऐकू आली. हवा गळत होती. कात्सुमीने सिलेंडर पुन्हा उतरवला, मधलं जाड पॅकिंग काढून टाकलं आणि चांगल्या रबराचं पातळ बसवलं. फुसफुस थांबली. पण पॅकिंग जेवढं पातळ झालं तेवढा सिलेंडर दांडीकडे सरकला होता, आणि माती लावून परत मोजायला हवं होतं.

"झालं का रे?" तामोत्सु म्हणाला. "ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरने एवढा वेळ लावला नव्हता."

"म्हणून तर लंगडतोस," कात्सुमी म्हणाला, आणि चावी त्याच्या हातात दिली.

बंदराच्या सपाट रस्त्यावर चक्कर मारून तामोत्सु परत आला तेव्हा त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "लोणी आहे रे, लोणी! नुसता पाय टेकवायचा अवकाश."

आठवड्याने त्याचा फोन आला. "ब्रेक झकास आहेत. पण गाडी पळताना जरा आळस करते. कुणीतरी मागून धरल्यासारखी."

"मालकाच्या वयाला शोभेल असं वागतेय," कात्सुमी म्हणाला. दोघं हसले.

बाराव्या दिवशी सकाळी तामोत्सु डोंगरावरच्या देवळात गेला आणि उतरताना आठ किलोमीटरच्या उताराने बंदराकडे आला. संत्र्यांच्या तोडणीचे दिवस होते. शेवटच्या वळणावर किनूबाई नावाची बागवाली आपल्या छोट्या ट्रकमध्ये पेट्या चढवत होती. गाडी वळणावर थांबली नाही. तिने ट्रकचा कोपरा उडवला, दगडी बांध ओलांडला आणि दोन पायऱ्या खालच्या बागेत उलटी पडली. किनूबाईंच्या कमरेचं हाड मोडलं. तामोत्सु जागच्या जागी गेला.

पोलीस अधिकारी माशिता गॅरेजमध्ये येऊन गेला. कात्सुमीने काय काय बदललं ते सांगितलं. सगळं ठीक होतं, असंही सांगितलं, आणि तेव्हा त्याचा त्यावर विश्वास होता. माशिताने ऑपरेशनचे कागद बघितले, वय बघितलं, आणि पाय दगा देऊन गेला असं लिहून घेतलं. गावाचं तर आधीच ठरलं होतं. म्हातारे लायसन्स परत देत नाहीत आणि दुसऱ्यांचे जीव घेतात.

अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी मोडकी गाडी जिथे ठेवली होती तिथे कात्सुमी गेला. का गेला हे त्यालाही सांगता आलं नसतं. 'कुणीतरी मागून धरल्यासारखी' हे शब्द डोक्यातून जात नव्हते एवढंच. त्याने पुढचं चाक उतरवलं. ब्रेकची पॅड जळून काचेसारखी झाली होती. मग त्याने सिलेंडर काढला, खिशातून माती काढली, लावली, आवळलं, सोडवलं. मातीच्या जागी नुसता डाग राहिला होता. फट नव्हतीच. दांडी सिलेंडरला सतत रेटत होती. उतारावर ब्रेक तापत गेले, सुटेनासे झाले, शेवटी तेल उकळलं आणि पॅडल तळाला गेलं. तामोत्सुच्या पायाने जे करायचं ते केलं असणार.

आजूबाजूला कोणी नव्हतं. कात्सुमीने पाना घेतला, दांडीचं टोक दोन आटे आत घेतलं आणि सगळं होतं तसं जोडून टाकलं. आता कुणीही उघडून मोजलं असतं तरी फट बरोबर निघाली असती. घरी जाऊन त्याने हात तीनदा धुतले.

नंतरच्या रविवारी तो किनूबाईंच्या घरावरून चालला होता. दारात सुमिए उभी होती, काळे कपडे, हातात मिठाईचा डबा, कंबरेतून वाकलेली. किनूबाईंचा मुलगा उंबरठ्यावर होता.

"डबा घेऊन जा," तो म्हणत होता. "म्हातारपणी शर्यतीच्या गाड्या लागतात यांना. तुम्हाला घरात चावी लपवता आली नाही? आई आता कधी बागेत चढणार नाही."

"माझीच चूक झाली," सुमिए म्हणाली. "मीच ब्रेक बदलायला लावले. नाहीतर त्यांनी सोडली असती गाडी."

दार बंद झालं तरी ती वाकलेलीच होती.

कात्सुमी तिच्यामागून तिच्या घरी गेला. तामोत्सुच्या फोटोसमोर उदबत्ती लावायलाही तो थांबला नाही. चटईवर गुडघे टेकून त्याने सगळं सांगितलं. पॅकिंग, माती, फोन, पाना, दोन आटे.

सुमिएने परत आणलेला मिठाईचा डबा खाली ठेवला.

"त्यांनी ब्रेक दाबला होता?" तिने विचारलं.

"दाबला होता, वहिनी. जीव खाऊन दाबला असेल."

"मग हे पोलिसांना सांगा."

तो त्याच दुपारी चौकीवर गेला. माशिताने ऐकून घेतलं, माणूस पाठवून दांडी मोजून आणली, आणि कागद कात्सुमीसमोर ठेवला. "फट बरोबर आहे, ह्योदो साहेब."

"कारण मी ती नंतर बदलली!"

"जळालेली पॅड तर उतारभर ब्रेकवर पाय ठेवल्यानेही जळतात. साक्षीदार आहे का कोणी?" माशिताचा आवाज मऊ होता, आणि तेच वाईट होतं. "मित्राचं नाव धुऊन निघावं असं वाटणं साहजिक आहे. पुराव्याला हात लावलात म्हणता, ते मी लिहून घेतो. बाकी अहवाल बदलायला मला आधार लागेल."

सुमिए त्याला किनूबाईंकडेही घेऊन गेली. किनूबाईंनी अंथरुणातूनच ऐकलं. "दोघांनी मिळून ठरवून आलात होय?" त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसावर पांघरूण घालायला? जा बाबांनो. मला दुखतंय."

परतीच्या वाटेवर सुमिए दोन पावलं पुढे चालत होती. तिच्या घराच्या फाटकाशी ती थांबली, पण वळली नाही.

"भाऊजी, पोलिसांना पटलं नाही, त्या बाईंना पटलं नाही. मला मात्र तुमचा शब्दन्‌शब्द पटला." तिने फाटकाची कडी धरली. "म्हणून सांगते, एकोणपन्नासाव्या दिवसाच्या प्रार्थनेला येऊ नका. त्यानंतरही येऊ नका."

"येत नाही," तो म्हणाला.

एकोणपन्नासाव्या दिवशी तो गॅरेजातच बसून होता. देवळातल्या घंटेचा आवाज तिथपर्यंत येत असे. दुपारी एक बागवाला आला. त्याच्या ट्रकचे ब्रेक करकरत होते.

"ब्रेकचं काम आता मी घेत नाही," कात्सुमी म्हणाला.

"अरे, तामोत्सुच्या पायाचं खापर तू स्वतःच्या डोक्यावर कशाला फोडून घेतोस?"

"पाय नव्हता तो. माझं काम चुकलं."

बागवाल्याने आजाऱ्याच्या हो ला हो करावं तशी मान डोलावली, आणि शेजारच्या गावात दुसरं गॅरेज कुठे आहे ते विचारलं. कात्सुमीने त्याला रस्ता सांगितला.