परातीच्या पोटातलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी पितळी परात आहे. अंगानं टणक असले तरी मनानं फार भित्री, हे आधीच सांगून टाकते. कुणी जवळ येऊन मोठ्यानं बोललं तरी माझा काठ थरथरतो.

कोल्हापूरच्या एका कासारानं मला घडवलं. १९३१ साली गडमुडशिंगीच्या धोंडुबाईंनी मला विकत घेतलं. त्यांचे शेजारी ख्वाजा पिंजारी यांना मुलगी झाली होती, तिला द्यायला. आपल्याकडं भांडं भेट द्यायचं म्हणजे त्यावर नाव घालायचंच. कासारानं मला पालथी घातली आणि छिन्नीच्या टिंबाटिंबांनी लिहिलं, ‘चि. चाँदबी ख्वाजा पिंजारी हिच्या जन्माची भेट. धोंडुबाई. गडमुडशिंगी. १९३१.’ प्रत्येक ठोक्याला मी ‘मेले, मेले’ म्हणत होते. पुढं मात्र त्या नावाचा मला चांगलाच ताठा चढला.

चाँदबी माझ्यातच पीठ मळायला शिकली. मग तिचं लग्न झालं आणि फाळणीनंतर नवरा तिला कराचीला घेऊन गेला. मी माहेरीच राहिले. १९६५ च्या उन्हाळ्यात ती परत आली, ती विधवा होऊन. हातात एक पिशवी, परक्या देशाचा पासपोर्ट आणि दंडावर डागल्याचे वण. ते दिरानं दिलेले होते. आल्या आल्या ती पीठ मळायला बसली आणि माझ्या तळाशी तिची बोटं थांबली. छिन्नीचे ठोके आतल्या बाजूनं बारीक उठले होते. बोटांना ते ओळखीचे वाटले आणि ती रडायला लागली.

तिनं सरकारकडं अर्ज केला. मी जन्मानं इथली आहे, तिकडं पाठवलंत तर दीर मला जिवंत ठेवणार नाही, मला राहू द्या. एवढंच मागणं होतं.

त्यातच पाकिस्तानशी लढाई पेटली. पोलीस घरोघर जाऊन तिकडून आलेल्यांची नावं शोधतात, अशी आवई उठली. चाँदबीचा भाऊ अल्लाउद्दीन मुळातच घाबरट, त्याचं तर पाणी पाणी झालं. एके दुपारी त्यानं मला गोठ्यामागं नेलं, पालथी घातली आणि माझ्यावर कानस चालवली. “नावच नको घरात,” असं पुटपुटत होता. चाँदबी धावत आली तोवर माझं नाव गेलं होतं. तिनं मला उचललं आणि पदरानं पितळेचा कीस पुसला.

लढाई थांबली आणि अधिकाऱ्यानं जन्माचा पुरावा मागितला. गावच्या जन्मनोंदीच्या वहीतली त्या सालची पानं वाळवीनं खाल्लेली. अल्लाउद्दीननं कपाळ बडवून घेतलं. शेवटी मलाच कचेरीत नेलं. अधिकाऱ्यानं मला हातही लावला नाही. शिपायाच्या हातात पालथी बघितली आणि म्हणाला, “मुद्दाम घासलेलं दिसतंय.” चाँदबी दंडावरचे वण दाखवायला गेली, तर तो म्हणाला, “पुढचा.” हुकूम चार ओळींचा आला. जन्माचा पुरावा नाही, भीतीचं कारण पटत नाही, सात दिवसांत देश सोडावा.

मित्रांनो, ते दिवस आठवले तरी मला कापरं भरतं. वाटेवर जीप वाजली की चाँदबी पिंजलेल्या कापसाच्या ढिगामागं जाऊन बसायची. पिठात पाणी किती घातलं, तेही तिला कळायचं नाही.

पाचव्या दिवशी चाँदबीच्या वतीनं गणपतराव वकिलांनी कोर्टात दाद मागितली. सरकारी वकिलांनी मला उचलून दाखवलं. परात कोरी, वर नाव घासायची लबाडी! तेव्हा अल्लाउद्दीन हात जोडून उठला. “सायेब, कानस म्या मारली. भ्यालतो. भनीचा गुन्हा न्हाय.”

न्यायाधीश मला पालथी धरून न्याहाळत होते. तेवढ्यात मागून म्हाताऱ्या धोंडुबाईंचा आवाज आला. “पालथी घालून काय बघताय सायेब? पीठ मळत्यात तितं हात फिरवा की! ह्या बाप्यांनी जल्मात पीठ मळलंय व्हय कधी?”

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांची बोटं माझ्या पोटावरून फिरली आणि थांबली. त्यांनी आत कागद ठेवून वर पेन्सिल घासली. अक्षरं उलटी उमटली. कागद पालथा करून त्यांनी खिडकीच्या उजेडाला धरला आणि सावकाश वाचलं, चाँदबी ख्वाजा पिंजारी.

मग ते म्हणाले, “हा पुरावा पुरेसा आहे की नाही, ते आज मी ठरवत नाही. पण तो नीट बघितलाच गेला नाही, आणि बाईंना काय भीती आहे ते कुणी ऐकलंच नाही. याला चौकशी म्हणत नाहीत. दुसऱ्या अधिकाऱ्यानं ती नव्यानं करावी. तोवर बाईंना हलवू नये.”

बाहेर चाँदबीनं विचारलं, “मंजी मी ऱ्हायले का गेले, मावशी?”

“अजून ठरलं न्हाय गं,” धोंडुबाई म्हणाल्या. “पर आता इचारल्याबिगर कोन हाकलत न्हाय.”

तीन महिन्यांनी नवे अधिकारी तिला म्हणाले, “बसा, बाई.” दुपारपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. वण पाहिले, माझ्यावर हात फिरवला आणि राहायची परवानगी लिहून दिली.

मी मात्र चिठ्ठी लावून कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत पडले. अर्ज करून परात सोडवून आणू, असं अल्लाउद्दीन म्हणाला, तेव्हा चाँदबी दचकली. “नगं. पुन्यांदा कुनी पुरावा मागितला तर? तितंच असू दे. तितं कुनी घासत न्हाय.” तिनं नवी परात घेतली, पण कासाराला तिच्यावर नाव घालू दिलं नाही. गणपतराव हे एकदा इथल्या कारकुनाला सांगत होते.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी मोठ्या खुर्चीवर बसेल. समोर कुणी घाबरलेलं माणूस येईल. ‘नाही’ लिहायचा अधिकार तुमचा असेल. पण लिहिण्याआधी त्या माणसाला बसायला सांगा. त्यानं आणलेली वस्तू हातात घ्या आणि आतून, बाहेरून, दोन्हीकडून बघा.