पाय पसरण्यापुरती जागा

“अगं, त्या स्क्रूशी लग्न लावून देऊ का तुझं?” ताईनं व्हॅनच्या दारातून डोकं आत घातलं. “मी बाजारात धक्के खाऊन परतसुद्धा आले, तरी तू आपली त्याच्याकडेच बघतेयस!”

धाकटी हसली नाही. शिलाई मशीनचा तो स्क्रू कुठे बसतो हे तिनं झोपेतही सांगितलं असतं. आज हातच पुढे होत नव्हता.

अकरा वर्षं ती गावोगाव मशीनं दुरुस्त करत फिरत होती. काम याच व्हॅनमध्ये, स्वयंपाक इथेच, झोपही इथेच. सुरुवातीला मजा वाटायची. मग लोकांना कळलं, की हिचं दुकान कधी बंदच होत नाही. तोंडात घास असताना टकटक, केस धूत असताना टकटक. ‘नाही’ हा शब्द तिच्या जिभेवर कधी बसलाच नाही. मशीनं वाढत गेली आणि त्यांच्यामधल्या फटीत ती पाय पोटाशी घेऊन झोपू लागली.

मागच्या आठवड्यात तर कहर झाला. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनवर ती पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर एक सरळ टीप मारायची आणि ती पट्टी सुईखाली अडकवूनच मशीन परत द्यायची. तोंडी हमी द्यायची वेळच यायची नाही. त्या दिवशी मात्र तिनं एका मशीनची पट्टी दुसऱ्याच, हातही न लावलेल्या मशीनला अडकवून दिली. गणवेश शिवणाऱ्या काकू ते मशीन उचलून परत घेऊन आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, “पोरी, तुझी पट्टी खोटी निघाली गं.”

तेव्हापासून हातातलं बळच गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हा थकवा अंगाचा नाही, मनात मुरलेला आहे, विश्रांती घ्या. ती मान डोलावून आली आणि पुन्हा व्हॅनचं दार उघडून बसली. शेवटी ताईच धावून आली. तिनं ओळखीचा एक फुलवाला गाठला होता. त्याला फुलांची ने-आण करायला गाडी विकत हवी होती. आज पाच वाजता तो बघायला येणार होता.

“माझ्याकडची खोली रिकामीच आहे,” ताई म्हणाली. “ये, चार दिवस लोळ.”

“आणि पाचव्या दिवशी?”

“पाचव्या दिवशी माणसासारखी उठ! या डब्यात कोंबून घेतलंयस स्वतःला.”

धाकटीकडे भांडायचंही त्राण नव्हतं. गाडी दाखवायची तर रिकामी करायला हवी, म्हणून दोघींनी सात मशीनं उचलून झाडाखाली ताडपत्रीवर मांडली. सगळ्यांत मागे चादरीत गुंडाळलेलं आठवं निघालं. आईचं. त्याला वर्षानुवर्षं तेलाचा थेंब मिळाला नव्हता.

आता ऊन थेट मागच्या पत्र्यापर्यंत गेलं. गाडीचा तळ निळा होता, हे ती विसरूनच गेली होती. “बघू, मी मावते का,” म्हणत ती आडवी झाली. पाय पसरले. टाचा कुठेच अडल्या नाहीत.

ताईनं अलगद दार ओढून घेतलं आणि बाहेर घडीची खुर्ची टाकून बसली.

धाकटीला जाग आली तेव्हा साडेतीन वाजले होते. ती धडपडत बाहेर आली. “कोणी आलं होतं?”

“चौघं.”

“काय सांगितलंस?”

“झोपलीये म्हटलं. उद्या नऊनंतर या.”

“बाई गं! चिडले असतील.”

“एक म्हणाला, बरं. एक म्हणाली, झोपू दे बिचारीला. तिसरा पत्ता विचारायला थांबला होता, त्याच्याकडे मशीनच नव्हतं!” ताई हसली. “आणि त्या गणवेशवाल्या काकू. म्हणाल्या, सावकाश होऊ दे, पण माझं मशीन मी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही.”

धाकटी पायरीवरच बसली. चौघांना परत पाठवलं होतं, आणि काहीही कोसळलं नव्हतं. मग उठली, आईच्या मशीनला तेल घातलं, चाक मागेपुढे करून मोकळं केलं, दोरा ओवला. हात आपसूक चालत होते. मशीनला गुंडाळलेली चादर तिनं कापली, कडा दुमडल्या, टीप मारत गेली.

“काय चाललंय?” ताईनं विचारलं.

“कळेल.”

पाचाच्या ठोक्याला फुलवाला हजर. “गाडी बघायची होती.”

“नाही,” धाकटी म्हणाली. शब्द इतका सरळ बाहेर पडला, की तिलाच नवल वाटलं. “विकायची नाहीये. तुम्हाला उगाच फेरी पडली. चहा घेणार?”

“अगं, पण मी त्यांना...”

“ताई, मी येणार आहे तुझ्याकडे. चार दिवस, लोळायला. याच गाडीतून.”

“आणि हा संसार?” ताईनं ताडपत्रीकडे हात केला.

“उद्या घरोघरी परत. मग एका वेळी एकच आत घेणार, काकूंचं पहिलं. आणि सहा वाजले, की पडदा.”

फुलवाला दोन कप चहा पिऊन, टोपलीतली चार उरलेली फुलं ठेवून गेला. सहा वाजता धाकटी आत गेली आणि कामाची जागा नि अंथरूण यांच्यामध्ये बांधलेल्या दोरीवर तिनं नवा पडदा ओढून घेतला.

पडद्याच्या कोपऱ्याला टाचणीनं एक पांढरी पट्टी लावली होती. ताईनं त्यावरच्या टिपेवरून बोट फिरवलं. एक टाकासुद्धा वाकडा नव्हता. खाली, पडद्याच्या कडेबाहेर, दोन टाचा ऐसपैस पसरल्या होत्या.