सदूच्या हातचे फणस

सदूने कोयता उचलला आणि तसाच धरून ठेवला. फणसाच्या बुंध्यावर कालपर्यंत दोन कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, लटकत होत्या. आज नुसते देठ उरले होते आणि त्यांतून पांढरा चीक ओघळत होता. त्याच्याआधी कोणीतरी येऊन गेलं होतं.

सुजलेला गुडघा ओढत तो पुढच्या बांधावर गेला. तिथेही तेच, त्याच्या पुढेही तेच. हे काम माणसाचं नसावं असं त्याला वाटलं.

वाडीत एक समज होता. फणसाला पहिलं फळ पिकलं की तो लावणारा जातो. म्हणून फणस लावायचा तो गोवऱ्या मसणात गेलेल्यांनी. हसण्यावारी न्यावं तर सदूचा आजा अगदी तसाच गेलेला. काही वर्षांपूर्वी कृषी खात्याच्या राजश्रीमॅडम रोपांचा टेम्पो घेऊन आल्या, भाताच्या वरच्या बांधांवर फणस लावा, त्यावर मिरीचे वेल चढवा, नुसत्या भातावर घर चालत नाही, असं त्यांनी पोटतिडकीने सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण रोपाला कोणी हात लावीना.

तेव्हा सदू उठला. आई नुकतीच वारलेली, घरात दुसरं कोणी नाही. "मी लावतो," तो म्हणाला. "माझ्यामागं रडणारा हाय कोण?" अख्ख्या वाडीचे फणस त्याने एकट्याने लावले. त्या दिवसांत घराघरातून त्याला जेवण येई आणि त्याच्याशी सगळे हळू आवाजात बोलत, घरात मयत असल्यासारखे.

पुढे राजापूरकडची विमला लग्न करून त्याच्या घरी आली. चाळिशी उलटलेल्या माणसाला कोणी चहा गाळून हातात दिला की त्याला जगावंसं वाटतंच. सदूलाही वाटू लागलं, आणि झाडं तर थांबत नव्हती. गुरं सोडताना, पाण्याला जाताना तो बुंधेच बघायचा. पहिल्या कुयऱ्या धरल्या तेव्हापासून त्या पिकायच्या आत तोडायला तो पहाटे कोयता घेऊन निघू लागला. असे तीन हंगाम गेले. "एवढी जोमदार झाडं, आणि एक फळ टिकत नाही?" राजश्रीमॅडम विचारायच्या, तेव्हा वाडी खाली बघायची. गरे तळून विकणारा एक कारखानदार त्यांनी मोठ्या मिनतवारीने मिळवला होता. यंदा फळ दिसलं नाही तर तो दुसऱ्या गावात जाणार होता.

शेवटचं झाड गोदाकाकूच्या घरामागे होतं. तिचा मुलगा लोट्याच्या कारखान्यातली नोकरी सुटून घरी बसलेला. तिची सारी भिस्त या फणसावर. काकू पायरीवर बसून हातांना खोबरेल चोळत होती. हात चिकाने काळे झाले होते.

"काकू, तू तोडलंस?"

"मग काय भुतान तोडलान? तुझा गुडघा सुजलाय, विमला बोलली. म्हणून आज ज्यानं त्यानं आपापलं तोडलान."

"म्हंजे वाडीला ठाव हाय?"

"तू तोडून टाकतंस, आमी येचून भाजी करतो. तीन वर्षं कुयरीची भाजी खातोय, मेल्या. ठाव कसा नसंल?"

"मग मॅडमला कोण कसा बोलला नाय?"

"काय बोलायचा? तू मरायला तयार झालंस म्हणून ही झाडं लागली. आता तुला जगायचा हाय, तर आमी फणस पिकवून खायचा?"

इतकी वर्षं आपण एकटेच भितो आहोत असं सदूला वाटत होतं. त्याने वर पाहिलं. पानांआड, जाड फांदीला एक कुयरी राहून गेली होती. काकूनेही ती पाहिली आणि फळं तोडायची आकडी घ्यायला ती उठली. सदूने आकडी तिच्या हातातून काढून घेतली.

"ऱ्हाव दे तो."

"सदू, येड्यासारखा करू नको. विमलाला काय सांगू मी?"

"मी सांगेन तिला."

कुंपणावर मासेमारीची जुनी जाळी पडली होती. ती खांद्यावर टाकून तो दुखऱ्या गुडघ्याने झाडावर चढला. माकडं एक फळ ठेवत नाहीत, म्हणून त्याने कुयरीभोवती जाळी गुंडाळून गाठ मारली. काकू पदर तोंडाशी धरून खाली उभी होती.

"सैल बांध," ती म्हणाली. "मोठा व्हईल तो."

सदूने गाठ सोडली. आत हात घालून पिकल्या फणसाएवढी जागा आहे का ते पाहिलं, आणि पुन्हा बांधली.