दहा लाखांचे टोक

"थांब ताई, पाय नको टाकूस!" जमिनीवर पालथ्या पडलेल्या मुंगी नावाच्या मुलीने तिथूनच हुकूम सोडला.

ताईंचा उचललेला पाय हवेतच राहिला. सोनेरी मण्यांची माळ वर्गाच्या दारातून बाहेर पडून सरळ व्हरांड्यात निघून गेली होती. एका तारेत दहा मणी, आणि अशा शंभर तारा एकमेकींत अडकवलेल्या. हजाराची माळ. तिच्या कडेने मुंगी टेप सरकवत होती. पलीकडच्या टोकाला भोपू बसला होता. त्याला हे नाव का पडले, ते तो तोंड उघडताच कळायचे.

"आठ मीटर! बरोब्बर आठ!"

"बरोब्बर नाही. बोटभर जास्त आहे," वकील म्हणाला. पुराव्याशिवाय काही मान्य करायचे नाही, हा त्याचा खाक्या होता, म्हणून वकील. मुंगी तिघांत सर्वांत लहान चणीची. पण आपल्याएवढी ओझी उचलून चालू लागायची, म्हणून मुंगी.

"बोटभर सोडून देऊ," मुंगी उठून बसली. तिच्या पोटावर धुळीचा पट्टा उमटला होता. "हजार मणी आठ मीटर. मग दहा लाख मणी कुठपर्यंत जातील?"

तिघेही कागद आणायला असे धावले की ताईंना भिंतीला चिकटून उभे राहावे लागले.

ताईंनी बावीस वर्षे दुसऱ्या एका शाळेत गणित शिकवले होते. फळा, खडू, साठ मुले, तासाची घंटा. इथे येऊन त्यांना चार महिने झाले होते. इथे तीन इयत्तांची मुले एकाच वर्गात बसत, काम स्वतः निवडत, आणि सकाळचे तीन तास घंटाच वाजत नसे. नवख्या ताईंना दोन गोष्टी जड गेल्या: मुलांनी त्यांना 'तू' म्हणणे आणि त्यांनी स्वतः गप्प बसणे. पहिली आठवडाभरात अंगवळणी पडली.

मधल्या सुट्टीपर्यंत मुलांची हिशेबाची लांबलचक कागदी पट्टी तयार झाली. हजार मणी, आठ मीटर. दहा हजार मणी, ऐंशी मीटर. दहा लाख मणी, आठशे मीटर. तिघांनी गावाच्या नकाशावर दोरा लावून पाहिला, आणि भोपूने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या वर्गातली मुले दारात जमली.

"बस डेपो! आपले दहा लाख बस डेपोच्या फाटकापर्यंत जातात!"

ताईंनी पट्टी पाहिली. दहा हजारांच्या पुढे एक लाख यायला हवे होते. त्या उत्साहात एक पायरी गाळून पोरे थेट दहा लाखांवर जाऊन उभी राहिली होती. आठशे नव्हे, आठ हजार मीटर. ताईंची बोटे शिवशिवली. त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि त्या तडक मोठ्या ताईंच्या खोलीत गेल्या. मोठ्या ताईंनीच ही शाळा काढली होती.

"एक शून्य खाल्लंय त्यांनी," ताई दारातूनच म्हणाल्या. "मोजायला डेपोपर्यंत जायचं ठरवतायत. सांगू ना?"

"त्यांनी विचारलं का तुम्हाला?"

"नाही."

"मग तुम्ही नका सांगू."

"अहो, पण सगळ्यांसमोर तोंडघशी पडतील!"

"रस्ता कुठून ओलांडायचा ते बघा. पाण्याच्या बाटल्या बघा." मोठ्या ताई हसल्या. "शून्य सापडेल त्यांचं त्यांना."

बाहेर येऊन बघतात तो मुंगी ऑफिसातल्या फोनवर डेपोच्या साहेबांशी बोलत होती. "आमचे दहा लाख मणी तुमच्या फाटकाशी संपतात. म्हणजे मणी नाही आणणार, दोरी आणणार. शुक्रवारी अकरा वाजता पाच मिनिटं फाटकातून बस नाही काढली तर चालेल का?" मग बराच वेळ ऐकून तिने अंगठा वर केला. वकिलाने तेवढ्यात घरी फोन करून आईलाही बोलावून टाकले.

वकिलाची आई दर महिन्याला येऊन विचारायची, "गृहपाठ नाही, परीक्षा नाही, मग तो शिकतोय हे कळणार कसं?" आणि आता तिच्याच डोळ्यांदेखत तिचा मुलगा चुकीचे गणित रस्त्यावर मांडणार होता. दोन दिवस ताईंचे जेवणात लक्ष नव्हते. गुरुवारी तर त्या पट्टीजवळ जाऊन, "बाळांनो, जरा..." एवढे बोलल्याही. तिघांनी माना वर केल्या. "...पाणी प्यायलात का?" असे विचारून त्या परत फिरल्या.

शुक्रवारी सकाळी स्वारी निघाली. मोजून कापलेली आठ मीटरची दोरी, पुढचे टोक भोपूच्या हातात, मागचे मुंगीच्या. दोरी ताणायची, खडूने खूण करायची, मुंगीने खुणेवर यायचे, भोपूने पुढे पळायचे. वकील वहीत दर दोरीला एक रेघ मारत होता. ताई रस्त्याच्या बाजूने चालत होत्या.

"सतरा!"

"अठरा! दोरी ढिली आहे, परत लाव!"

फुटपाथवरची माणसे वाट देऊ लागली. चष्म्याच्या दुकानाचा मालक बाहेर आला आणि काय चालले आहे ते कळल्यावर त्याने दारातली पाटी उचलून आत ठेवली. एका सायकलवाल्याने तर दोरी ओलांडायची की नाही, हे मुंगीला विचारून मग सायकल उचलून पलीकडे नेली. पन्नासाव्या दोरीला भोपूचा आवाज बसला, तरी तो थांबेना. सत्तरीनंतर ताईंच्या लक्षात आले, की आपणही तोंडातल्या तोंडात आकडे मोजतो आहोत आणि आपली चाल पळण्याच्या बेतात आली आहे.

डेपोच्या फाटकात साहेब उभे होते. शेजारी वकिलाची आई, खांद्याला पर्स, हाताची घडी.

"अठ्ठ्याण्णव! नव्व्याण्णव! शंभर!" भोपू फाटकाच्या लोखंडी खांबाला जाऊन चिकटला. "पोचलो! दहा लाख!"

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मागे खोळंबलेल्या बसच्या ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. वकील मात्र वहीत बघत होता.

"एक मिनिट," तो म्हणाला. "एक दोरी म्हणजे हजार. शंभर दोऱ्या म्हणजे शंभर हजार."

"मग?"

"शंभर हजार म्हणजे एक लाख."

भोपूचे तोंड उघडेच राहिले, आणि त्यातून पहिल्यांदाच आवाज आला नाही. वकिलाने पुन्हा रेघा मोजल्या, बोटांवर हिशेब केला, वर पाहिले, आणि त्याचा चेहरा हळूहळू असा उजळत गेला की बघत राहावे.

"अरे, हा नुसता एक लाख आहे! असे अजून नऊ! भोप्या, आपण काहीच चाललो नाही!"

"अजून नऊ!" भोपूला कंठ फुटला. तो जागच्या जागी उड्या मारू लागला. "काका, इथून सात किलोमीटर आणि दोनशे मीटरवर काय आहे?"

साहेबांनी डोके खाजवले. "सात किलोमीटरवर आमच्या बसचा शेवटचा थांबा आहे. त्याच्या पुढं बस जातच नाही. तिथं काय आहे, खरं सांगायचं तर मीही बघितलेलं नाही."

"शेवटच्या थांब्याच्याही पुढे!" दोघे एकदम किंचाळले आणि वही फाटकाच्या कट्ट्यावर पसरून हिशेबाला बसले. साहेब त्यांच्यावर वाकून रस्ता कुठे वळतो ते सांगू लागले. मागचा ड्रायव्हरही बसमधून उतरून आला.

वकिलाची आई ताईंजवळ आली. "तुम्ही गणिताच्या ना? ही चूक तुमच्या लक्षात आली नव्हती?"

नव्हती म्हणणे सोपे होते. पण ताई म्हणाल्या, "आली होती. पहिल्याच दिवशी."

आई कट्ट्याकडे बघू लागली. तिथे तिचा मुलगा ड्रायव्हरला एक लाखानंतर दहा लाख का येतात ते खडूने फरशीवर लिहून पटवत होता. तिच्या हातांची घडी कधी सुटली, ते तिलाही कळले नसावे.

ताईंचा पदर कुणीतरी ओढला. मुंगी दोरी गुंडाळत उभी होती.

"माझ्यापण," ती हळूच म्हणाली.

"काय माझ्यापण?"

"आली होती लक्षात. काल रात्री दात घासताना."

ताई खाली वाकल्या. "मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"दोरी टाकताना कळणारच होतं ना. मी सांगितलं असतं तर ते माझं झालं असतं." मुंगीने गाठ मारली आणि दातांनी घट्ट केली. "तू पण म्हणूनच नाही बोललीस ना?"

"नाही गं," ताई म्हणाल्या. "मला गप्प बसायला सांगितलं होतं. तरी दोनदा सांगणारच होते."

मुंगीने त्यांच्याकडे नीट पाहिले. आपल्यापेक्षा लहान मुलीच्या बुटाची नाडी बांधून देताना ती अशीच बघायची.

"पुढच्या वेळी सोपं जाईल," ती म्हणाली, आणि दोरी खांद्यावर टाकून कट्ट्याकडे पळाली.

ताईंना हसू आवरेना. डोळे पुसत त्या सरळ झाल्या, तर वकिलाची आई अजून शेजारीच उभी होती.

"शनिवारी जायचं म्हणतायत," ती म्हणाली. "मला सुट्टी आहे. किती वाजता निघायचं?"

"मला काय माहीत?" ताई म्हणाल्या. "त्यांना विचारा."